यानातली जागा

अंतराळातल्या सुपरहिरोंचा तोच सिनेमा भाची मोबाइलवर पुन्हा लावून बसली, तशी नवऱ्याला सोडून माहेरी आलेली ज्योत्स्ना चिडली.

“कोनालेच नको असलेले पाच जन एका यानात कोंबले, अन् नुसते भांडून राह्यले. काय पाहतं त्यात?”

“भांडतेत, पन उतरत नाही कोनी, आत्या.”

दोन दिवसांनी चुलतभावाचं वऱ्हाड अनसिंगहून वाशीमला निघालं. ज्योत्स्ना ज्या गाडीत बसे, तिथून तिला कोणीतरी उठवे. “इथं जावई बसतीन, तू मांगं जाय.” मागं जात जात ती शेवटच्या जीपमध्ये पोचली. तिथं हळदीला न बोलावलेल्या विधवा प्रयागकाकू होत्या, जातीबाहेर लग्न केलेला विकास होता, आणि कोणाशीच न पटणारे जगदेवमामा. वाशीम येईपर्यंत चौघं खिडकीच्या जागेवरून भांडली. सगळ्यात मोठा आवाज ज्योत्स्नाचा होता.

लग्न लागलं, जेवणं झाली. निघताना दादानं हाक मारली, “ज्योत्स्ना, ये इकडं. पुढच्या गाडीत जागा झाली.”



तिनं तोवर शेवटच्या जीपच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून ठेवला होता.