दोरी बांधलेला दगड

जपानी बागेतली वाट जिथे दोन झाली तिथे एलादियो थबकला. डावीकडच्या वाटेच्या तोंडाशी मोसंब्याएवढा एक दगड ठेवला होता, काळ्या दोरीने चारी बाजूंनी बांधलेला.

"इकडनं नको," तो म्हणाला. "बंद आहे."

सुमिये त्याच्याकडे बघतच राहिली. "अजून लक्षात आहे तुझ्या?"

"तूच तर शिकवलंस."

दोघंही ऐंशीच्या घरातली. फिनिक्समध्ये एप्रिलातच अंगाची लाही होते, पण तिने बोलावलं आणि हा गडी चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आला. तिला साठ वर्षांपूर्वीची एकच गोष्ट विचारायची होती. तळ्याला फेरी झाली, माशांना खाणं घालून झालं, गुडघ्यांची रडगाणी गाऊन झाली, प्रश्न काही तोंडातून निघेना. दगड बघितल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

"त्या रविवारी का आला नाहीस रे? बाबांकडे मला मागणी घालणार होतास. दिवसभर नटून बसले होते मी."

"आलो होतो."

"आता या वयात थापा मारू नकोस."

"अगं, ग्वादालूपेच्या माउलीची शपथ! भावाचा कोट घालून आलो होतो. नेहमीसारखा तुमच्या फुलांच्या शेडमागनं. तर वाटेत असाच दगड, अशीच दोरी. म्हटलं, झालं! म्हातारा तोंडावर नाही म्हणणार नाही, म्हणून दगड ठेवला. त्यांच्याच मळ्यात फुलं तोडणारा पोरगा मी. कुठल्या तोंडाने पुढे येऊ? फिरलो मागे."

सुमिये शेजारच्या बाकावर बसली.

"बाबांनी नव्हता ठेवला," ती म्हणाली. "मी ठेवला होता."

"तू?"

"रोज मागच्या वाटेने चोरासारखा यायचास. म्हटलं, आज तरी पुढच्या दाराने ये, पाहुण्यासारखा. अरे, आईकडे चहाला बायका यायच्या, तेव्हा ती असाच दगड ठेवायची. या वाटेने नको, त्या वाटेने या म्हणून. परत जा म्हणून नाही रे! पुढचं दार सकाळपासून सताड उघडं ठेवलं होतं मी. बाबा दोनदा ओरडले, धूळ येतेय म्हणून."

एलादियोने टोपी काढली. उगाच हातात फिरवत राहिला.

"हे कुठे सांगितलं होतंस तू मला?"

"नाही सांगितलं. मला वाटलं, कळेल तुला."

त्या रविवारनंतरच्या वर्षी त्याने दुसरीशी लग्न केलं होतं. तिने केलंच नाही.

टोपी बाकावर ठेवून तो दगडापाशी गेला. गुडघ्यावर हात टेकून कण्हत वाकला आणि दोरीच्या गाठीला दोन बोटं घालून त्याने दगड उचलला.

"सुमिये," तो म्हणाला, "हा तर काहीच जड नाही गं."