कॉम्प्रेसरचा नारळ

खंडेनवमीला आमच्या टेमघरे फिटरने कॉम्प्रेसरला हार घातला आणि दरवर्षीसारखा नारळ त्याच्याच लोखंडी बैठकीवर आपटून फोडला. नेमका तिथेच राजहंस साहेबांनी नवा सेन्सर बसवला होता. मशीन किती झिजलंय ते सेन्सर सांगेल, तोवर उगाच खोलून खर्च करायचा नाही, अशी साहेबांची योजना. महिनाभर सेन्सर एकच सांगत होता, सगळं ठीक आहे.

नारळाच्या दणक्याने तो भोंग्यासारखा ओरडायला लागला. साहेबांनी हातातला प्रसाद बाजूला ठेवून मशीन खोलायला लावलं, तर आतलं बेअरिंग खरोखरच फुटायच्या बेतात. फुटलं असतं तर अख्खा कारखाना बसला असता.

“देवीने वाचवलं,” टेमघरे म्हणाला.

“सेन्सरने,” साहेब म्हणाले.

मुख्य कार्यालयाने कुणालाच दुखावलं नाही. दर महिन्याला सेन्सरजवळ नारळ फोडायचा, असं ठरलं.

मग खर्च कमी करायचा हुकूम आला. आता आम्ही नारळ फोडत नाही, नुसता टेकवतो. तोच पुढच्या महिन्याला चालतो. आणि सेन्सर पुन्हा सांगायला लागलाय, सगळं ठीक आहे.