संध्याकाळची पेस्ट

शिरपूरच्या निंबा नानांचं जन्मभर राखुंडीवर भागलं, तेही सकाळी एकदाच. महिन्याभरापासून मात्र ते रोज संध्याकाळी भजनाला निघण्याआधी मोरीत उभे राहून पेस्ट लावायला लागले. मग इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा फाया. टाळ कुटायला तोंडाचा सुवास कोणाला लागतो, हे त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना कळेना. आज त्यांनी भाकरी थापता थापता विचारलंच.

"भजनले जावाले पेस्ट कसाले?"

नाना गडबडले आणि एकदम रेडिओसारखं शुद्ध बोलायला लागले. "त्यात फ्लोराइड असतं. जेवल्यावर तोंडात आम्ल तयार होतं, ते दातांचं कवच झिजवतं. फ्लोराइड ते कवच पुन्हा घट्ट करतं, मग कीड लागत नाही. डॉक्टर सांगतात, दोन वेळा घासावं."

यशोदाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. भाकर तव्यावर टाकली आणि मान वर न करता म्हणाल्या,

"तुमना बठ्ठा दात तं पाडव्याले काढी टाकात, एक बी नही ठेवा. आते कवळीले बी कीड लागस का?"