पारावरच्या ओळीवरचा उजेड

अहमदपुरात कचेरीतले पेशकार वसंतराव यांच्या पोरीचं लग्न लागलं. नांदेडचे फोटोग्राफर रेणुकादास यांनी सगळा गोतावळा लिंबाखाली बसवला. सतरंजीवर पोरं, खुर्च्यांवर रुमी टोप्या घातलेले पुरुष, मागं पारावर बायका. बायकांची ओळ मात्र सावलीत गेली.

अशा वेळी सौदामिनी लागायची. रेणुकादासांची ही बायको बाजूला उन्हात उभी राहायची आणि पांढरं धोतर ताणून मागच्यांच्या तोंडावर उजेड पाडायची. सगळे गंभीर झाले की तिला हसू यायचं. मग धोतर थरथरायचं आणि उजेडही. "हसू नकोस, माणसं ताटकळून राहिलीत," ते म्हणायचे.

तिला जाऊन वर्ष झालं होतं. धोतर पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं होतं.

जमेल तसं करू म्हणून रेणुकादास कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरले. भिंगातून बायकांची ओळ लख्ख दिसत होती.

त्यांनी डोकं बाहेर काढलं. बाजूच्या उन्हात कुणी नव्हतं. पेटीला कुलूप होतं. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते आणि पारावरच्या प्रत्येक तोंडावर उजेड होता.



पारावर मुखेडच्या तुळजाबाई होत्या; आधीच्या लग्नांतल्या फोटोंपासून सौदामिनी त्यांच्या ओळखीची. त्यांना दिसायचं कमी, आणि सौदामिनी गेल्याचं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांनी कपाळावर हात धरला आणि त्या रिकाम्या उन्हाकडे वळून मायेनं म्हणाल्या, "सौदामिने, जरा खाली धर की माय. लई डोळ्यांत येऊन राहिलंय."

उजेड त्यांच्या डोळ्यांवरून अलगद हनुवटीवर उतरला आणि तिथं थरथरू लागला.