समोरच्यासाठी तक्रार

"तक्रार तुमचीच ना, काका?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"माझीच. पत्त्यांची."

मोबाईलवरच्या रमीच्या खेळाचा तक्रार विभाग होता, तिथून ती बोलत होती. खेळ पैशांचा नव्हता, घरबसल्या वेळ घालवायचा. मिस्त्रींनी घरातल्या जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"नशिबाच्या तक्रारी आम्हाला रोज येतात," मुलगी म्हणाली. "मला मुद्दाम भिकार पानं देता, समोरच्याला जोकर देता, म्हणतात. काल एका गृहस्थांनी तर पत्ते पिसणाऱ्यालाच फोनवर बोलवा म्हणून हट्ट धरला. आता मशीनला कुठून बोलावू? पण समोरच्याला वाईट पानं येतात म्हणून रडणारे तुम्हीच पहिले."

"रडत नाही, सांगतोय. तीनशे बारा डाव झाले, तिने एकही जिंकला नाही. असं होणारच नाही. जन्मभरात मी तिच्याविरुद्ध दहा डाव जिंकले नसतील."

"समोर काकू खेळतात?"

मिस्त्रींनी टेबलापलीकडे पाहिलं. तिचा मोबाईल बरणीला टेकून उभा होता, त्यांच्याकडे पाठ करून. ती गेल्यापासून रोज दुपारी ते तो चार्ज करून तसाच ठेवत, आपल्या खुर्चीत येऊन बसत आणि डाव सुरू करत.

"मोबाईल तिचाच आहे," ते म्हणाले.

पलीकडे कीबोर्ड वाजला.

"मी तुमचे डाव काढून पाहिले. पानं सरळ वाटली जातात. उलट काकूंना तुमच्यापेक्षा बरी आलीत. सोमवारी तर हातातच दोन जोकर."

"मग हरते कशी?"

"त्यांच्या बाजूने कोणी खेळतच नाही, काका. अर्धं मिनिट वाट बघून मशीन एक पान ओढतं आणि तेच टाकून देतं. अकरा महिन्यांत एकाही डावात बोट लागलेलं नाही."

 मिस्त्रींना वाटत होतं, तिच्या जागी मशीन खेळतंय. सावकाश खेळतंय, पण खेळतंय. सगळं आयुष्य शिलाईची मशीनं दुरुस्त करण्यात गेलं. धागा नसला तरी मशीन टकटक करत राहतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"म्हणजे समोर कोणीच नव्हतं," ते म्हणाले.

 मुलीने आवाज खाली आणला.

"काका, अशी खाती आम्ही बंद करतो. आज संध्याकाळी यादी निघेल, त्यात काकूंचं नाव आहे. नाव, फोटो, जिंकलेले डाव, सगळं पुसलं जातं."

"पुसू नका." मिस्त्री अर्धवट उठले. "फोटो तिने स्वतः निवडून लावलाय. तीन दिवस घालवले त्यात."

"मग त्यांच्या बाजूने एक तरी पान हाताने पडायला हवं. पडलं की यादीतून नाव आपोआप निघतं."

"तिच्या हाताने?"

"मशीनला हात ओळखता येत नाही, काका."

मिस्त्री घुटमळले. "एकमेकांची पानं बघायची नाहीत, असं ठरलंय आमचं."

"मी नाही सांगणार कोणाला."

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. आपल्या खुर्चीसमोर टेकवून उभ्या ठेवलेल्या मोबाईलवर नवा डाव लावला, आणि पानं पडायच्या आत उठले. टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीपाशी आले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. खुर्ची त्यांच्यापेक्षा बुटकी होती. त्यांनी तिचा मोबाईल हातात घेतला. पानं बरी आली होती.

पहिली पाळी तिचीच. त्यांनी पान ओढलं. इस्पिकची नव्वी. तिच्या काही कामाची नव्हती. टाकायला बोट उचललं आणि सवयीने समोर पाहिलं. पान टाकण्याआधी समोरच्याचा चेहरा बघतात, तसं.

समोर त्यांची खुर्ची रिकामी होती. खुर्चीमागे कपबश्यांचं कपाट, काचेच्या दारांचं. काचेत त्यांचा मोबाईल दिसत होता. नजर कमी झाली म्हणून त्यावरची पानं मोठी करून घेतलेली. उलटी दिसत होती, पण लख्ख. इस्पिकची अठ्ठी. तिच्याशेजारी इस्पिकची दश्शी. मधल्या नव्वीसाठी अडलेली.

'जरा सरकून बसा ना, माझा उजेड अडवता,' ती दर डावाला म्हणायची. आणि ते सरकायचे.

"अगं लबाडे," मिस्त्री म्हणाले.

ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढावा लागला. शर्टाच्या टोकाने पुसून पुन्हा घातला, आणि पुन्हा काढावा लागला.

"काका? काय झालं?" टेबलावरून मुलीचा आवाज आला.

"काही नाही. पत्ते वाटण्याबद्दल माझी तक्रार नाही."

त्यांनी नव्वी हातात ठेवली आणि चौकटची दुर्री टाकली.

"पडलं पान," मुलगी म्हणाली. "नाव निघालं यादीतून. आता खेळा निवांत." तिने फोन ठेवला.

टेबलापलीकडे त्यांच्या मोबाईलची घंटी वाजली. पाळी त्यांची होती. घंटी दुसऱ्यांदा वाजली, तिसऱ्यांदा वाजली. काचेतला मोबाईल चमकत होता आणि त्याच्यापुढे कोणी नव्हतं.

मिस्त्री तिच्या खुर्चीतून उठले नाहीत.