पाठमोरा नवरदेव
चर्चमागच्या हिरवळीवर नवरदेव वेस पाठमोरा उभा होता. लग्न लागण्यापूर्वी नवरीने मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा, त्याने वळून तिला नटलेली प्रथमच पाहायचे आणि त्याचे डबडबलेले डोळे छायाचित्रकार लॉरेटाने टिपायचे, हा शिरस्ता. थट्टेसाठी कधी नवरीची ओढणी पांघरून एखादा मित्रच येई. आज ओढणीखाली डग होता. गोठ्याच्या वाटणीवरून चार वर्षे अबोला धरलेला वेसचा दाढीवाला थोरला भाऊ. नवरीनेच त्याला गुपचूप बोलावले होते. वेस बिथरला तर लग्नाचा विचका होणार होता. वेस वळला आणि थिजला. “काय गाढवा, सुंदर दिसतोय ना मी?” डगने विचारले. “डुक्कर दिसतोस,” म्हणत वेस त्याच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागला. खरी नवरी आली तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते. “माझ्यासाठी थेंबही ठेवला नाहीस?” म्हणता म्हणता तीच रडू लागली, लॉरेटाने कॅमेरा तिच्याकडे वळवला.