मुंग्यांची पावडर

परिचारिकेने वेदनावाहक यंत्राचा एक पट्टा द्वारकाबाईंच्या पावलाला व दुसरा त्यांचे पती केरूनाना यांच्या पावलाला बांधला. अकरा वर्षे द्वारकाबाई सांगत, “पायांना मुंग्या येतात,” आणि अकरा वर्षे केरूनाना हसून विचारत, “मुंग्यांची पावडर आणू का?”

कळ दाबताच पत्नीची वेदना त्यांच्या मज्जातंतूंत उतरली. निखाऱ्यावर पाय पडावा तसे ते ओरडले.

“नाना, हा केवळ चौथा हिस्सा आहे,” परिचारिका म्हणाली.

केरूनानांनी पट्टा सोडला. अशा जळत्या पावलांनी द्वारकाबाई आज त्यांच्यामागून जिना चढल्या होत्या, आणि “पाय उचल जरा” असे त्यांनीच तीनदा सुनावले होते. त्यांची मान खाली गेली.

द्वारकाबाईंनी हलकेच विचारले, “अहो, पावडर आणू का?”